कोआलाचं झाड, शेकरूचं जंगल

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना वाटेत घोडेगाव लागतं. नेवासा तालुक्यातलं हे गाव पशुपालकांना जनावरांच्या बाजारामुळे माहीत आहे आणि शनिशिंगणापूरला जाणाऱ्यांना तिथल्या फाट्यामुळे. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं पाणी पोचलं तिथे ऊस, नाही पोचलं तिथे बाजरी, तूर, कापूस. पाऊस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. अशा गावातल्या शाळकरी पोरांना झाडावर राहणारे प्राणी विचारले, तर माकड आणि खार झाल्यावर तिसरं नाव बरेचदा कोआलाचं येतं. झाडाच्या बेचक्यात पाठ टेकून झोपलेला तो राखाडी, गुबगुबीत प्राणी त्यांनी पुस्तकात आणि मोबाइलवर पाहिलेला असतो. तो जंगलात पाहायचा तर ऑस्ट्रेलियाच गाठायला हवं. त्याचं जेवण मात्र आपल्याकडे बांधाबांधावर उभं आहे.

ते जेवण म्हणजे निलगिरीचा पाला. निलगिरी मुळात ऑस्ट्रेलियाची. टिपू सुलतानाच्या काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीस, ती म्हैसूर राज्यातल्या नंदी टेकड्यांवर लागली. पुढे १८४३ पासून निलगिरी पर्वतावर तिची लागवड झाली आणि त्या डोंगरांचंच नाव तिला चिकटलं. महाराष्ट्रातल्या शेतांत ती खऱ्या अर्थाने पसरली १९८०च्या दशकात. सामाजिक वनीकरणाचे ते दिवस होते. नाशिक जिल्ह्यात विनायकराव पाटील यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणून निलगिरीची सहकारी चळवळ उभी केली. पाच-सात वर्षांत वासे आणि बल्ल्या विकता येतात, पाणी दिलं नाही तरी झाड तगतं, आणि मुख्य म्हणजे शेळी त्याला तोंड लावत नाही, हे शेतकऱ्याच्या लगेच ध्यानात आलं.

आपल्या मैदानी भागात लावलेली निलगिरी बहुतेक करून ‘म्हैसूर निलगिरी’ या वाणाची असते. शास्त्रीय भाषेत ती युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस. निलगिरीच्या ऑस्ट्रेलियात सातशेच्या आसपास जाती आहेत आणि कोआला त्यांतल्या मोजक्याच जातींचा पाला आवडीने खातो. क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समध्ये त्याच्या आवडत्या झाडांत ही टेरेटिकॉर्निस फार वर आहे. म्हणजे कोआला ज्या पाल्यासाठी रात्री झाडं धुंडाळतो, तोच पाला आपल्याकडे कुणाच्याही खाण्यात न येता गळून बांधावर साचतो.

शेळी त्याला तोंड का लावत नाही, याचं कारण चुरगळलेल्या पानाच्या वासातच आहे. त्यात तेल असतं, टॅनिन असतं, इतरही विषारी द्रव्यं असतात. प्रथिनं मात्र अगदी कमी. असा पाला खाऊन जगायचं तर शरीराची सगळी रचनाच त्यासाठी व्हावी लागते आणि कोआलाची ती झाली आहे. त्याचं अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, जवळपास दोन मीटर लांब असतं. त्यातले जिवाणू पाल्यातले चिवट धागे दिवसच्या दिवस कुजवत बसतात. विषाचा निचरा यकृत करतं. २०१८ साली कोआलाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा विष मोडणाऱ्या विकरांच्या जनुकांची त्याच्यात मोठी वाढ झालेली दिसली. एवढं करूनही हाती लागणारी ऊर्जा बेताचीच. म्हणून कोआला दिवसातले अठरा ते वीस तास झोपतो. त्याला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. त्या पाल्यावर त्याहून जास्त हालचाल परवडतच नाही. पिल्लाच्या पोटात ते जिवाणू उपजत नसतात. सहा महिन्यांचं झालं की आई त्याला आपल्या आतड्यातून आलेला एक मऊ लगदा चाटू देते, आणि पाला पचवण्याची सोय पिढीकडून पिढीकडे जाते.

मुलगा किंवा मुलगी सिडनी-ब्रिस्बेनला स्थायिक झाली की इथून गेलेल्या आईवडिलांना कोआला दाखवणं हा आता पाहुणचाराचाच भाग झाला आहे. ब्रिस्बेनजवळचं लोन पाइन हे कोआलांचं सगळ्यात जुनं अभयस्थान, १९२७ साली सुरू झालेलं. जॅक आणि जिल या दोन कोआलांपासून त्याची सुरुवात झाली. १९२७ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण त्याच वर्षी क्वीन्सलँड सरकारने महिनाभर कोआलाच्या शिकारीला मुभा दिली आणि कातड्यासाठी पाच लाखांहून अधिक कोआला मारले गेले. लोकांच्या संतापाची लाट उसळली आणि कातड्यांचा तो व्यापार संपला. लोन पाइनमध्ये कोआलाला कडेवर घेऊन फोटो काढायची प्रथा अनेक दशकं चालली. जुलै २०२४ मध्ये तिथल्या व्यवस्थापनाने ती स्वतःहून बंद केली. आता तो झाडावर असतो तसाच पाहायचा. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. वीस तास झोपेची गरज असलेल्या प्राण्याला फोटोसाठी या हातातून त्या हातात देणं कधीच बरोबर नव्हतं.

जंगलातला कोआला शोधायची तिथल्या लोकांची पद्धत आपल्यालाही उपयोगी पडेल अशी आहे. ते आधी वर बघत नाहीत. झाडाच्या बुंध्याशी लेंड्या पडल्यात का ते बघतात, सालीवर नखांचे ओरखडे आहेत का ते बघतात आणि मग बेचक्यांवर नजर फिरवतात. कोआलाला एका झाडावरून दुसऱ्यावर जायचं असलं, तर बरेचदा तो जमिनीवर उतरून चालत जातो. जंगल सलग होतं तोवर यात धोका कमी होता. आता झाडांच्या दोन पट्ट्यांमध्ये रस्ते आले, वस्त्या आल्या, कुत्री आली. गाडीखाली आणि कुत्र्यांच्या तोंडी अनेक कोआला जातात, क्लॅमिडियाच्या संसर्गाने आंधळे आणि वांझ होतात, आणि २०१९-२० च्या वणव्यांनी तर कहर केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी प्रदेशातल्या कोआलांना ‘संकटग्रस्त’ यादीत घातलं.

आता आपल्याकडे वळू. घोडेगावच्या माणसाला झाडावरचा वन्यप्राणी पाहायला अभयारण्यात जायचं असेल, तर त्याने कुठे जावं?

जिल्ह्यात अभयारण्यं आहेत, पण पूर्वेकडची अभयारण्यं उघड्या माळाची आणि पाण्याची. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळविटांसाठी, १९८० चं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. जायकवाडीचं पक्षी अभयारण्य नेवासा-शेवगावच्या वेशीवर, नाथसागराच्या काठाने पसरलेलं. माळढोकासाठी १९७९ साली जाहीर झालेल्या विस्तीर्ण अभयारण्यात तर नेवासा तालुक्याचाही भाग होता. ही सगळी ठिकाणं आवर्जून पाहावीत अशी आहेत, पण तिथे मान वर करायचं काम नाही. झाडांसाठी पश्चिमेला सह्याद्रीतच शिरावं लागतं. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात अकोले तालुक्यातलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ चं, ३६१ चौरस किलोमीटरचं. आणि थोडं पुढे, पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांच्या सीमेवर भीमाशंकर आहे, १९८५ साली जाहीर झालेलं, १३० चौरस किलोमीटरचं. दोन्हीकडच्या दाट राईंत महाराष्ट्राचा राज्यप्राणी राहतो. शेकरू.

कोआलाची हौस शेकरूवर भागवायची, असं मी म्हणत नाही. दोघांचं नातं दूरचंही नाही. कोआला पोटाला पिशवी असलेला, कांगारूच्या गणगोतातला. शेकरू खारींच्या कुळातलं. पण झाडावर जगायचं कसं या एकाच प्रश्नाची दोघांनी दोन अगदी उलटी उत्तरं शोधली आहेत, आणि ती शेजारी ठेवून पाहिली की शेकरू जास्त चांगलं कळतं.

शेकरू प्रथम पाहणाऱ्याला त्याचं आकारमानच खरं वाटत नाही. अंगणातली खार हातभरही नसते. शेकरू नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तीन फुटांपर्यंत भरतं, वजन दीड-दोन किलो. लांबीतला निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा शेपटीचा. भीमाशंकरच्या शेकरूची पाठ तांबूस तपकिरी, पोट आणि पुढचे पाय पिवळसर पांढरे, आणि शेपटीचं टोक फिकट. उन्हात ती पाठ तांब्यासारखी चमकते. खाताना बघण्यात खरी मजा आहे. मागच्या पायांच्या नखांनी ते फांदी पकडतं, अंग एका बाजूला लोंबू देतं आणि दुसऱ्या बाजूला शेपटी सोडून तोल साधतं. पुढचे दोन्ही हात त्यामुळे मोकळे राहतात. त्या हातांत फळ धरून ते गरागरा फिरवतं, साल दातांनी सोलून खाली टाकतं, आणि कित्येकदा फळ अर्धवट खाऊन सोडून देतं. म्हणून शेकरूच्या झाडाखाली ताज्या साली, कुरतडलेल्या बिया, तुटलेली डहाळी पडलेली असते. कोआला शोधणाऱ्यांसारखंच इथेही आधी जमिनीकडे पाहायचं आणि मग वर.

कोआला एका जातकुळीच्या पाल्याला आयुष्य बांधून घेतो. शेकरूचं पोट एका झाडावर भरत नाही. जांभूळ, आंबा, उंबर, फणस, फुलं, शेंगा, बिया, साल, कोवळी पानं, कधीमधी पक्ष्यांची अंडी आणि किडेही. कुठल्या महिन्यात कुठल्या झाडाला काय लागतं यावर त्याचा सगळा दिनक्रम ठरतो. एकाच जातीच्या झाडांची लागवड कितीही दाट आणि हिरवीगार असली तरी शेकरूच्या दृष्टीने ते वर्षातले दहा महिने ओसाड रान. निलगिरीचं बन तर बाराही महिने.

शेकरूच्या या खाण्याचा शास्त्रीय अभ्यास भीमाशंकरला झाला आहे. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेलेल्या रेने बोर्जेस यांनी १९८०च्या दशकात शेकरूच्या आहाराचा माग काढायला सुरुवात केली. कुठलं शेकरू कुठल्या झाडावर काय खातं, त्या खाण्यात प्रथिनं किती, टॅनिन किती, हे त्यांनी बारकाईने तपासलं. पुढे हेमा सोमनाथन आणि सहकाऱ्यांसोबत त्यांनी शेकरूच्या आणखी एका सवयीवर लिहिलं. ती सवय म्हणजे साठवण. बऱ्याच खारी बिया जमिनीत पुरून ठेवतात. शेकरू जमिनीवर उतरायचं टाळतं, म्हणून ते बिया वरच, झाडावरच्या घरट्यात साठवतं. दाणागोटा माळ्यावर ठेवणारा हा संसार आहे.

ती घरटी पाहण्यासारखी असतात. डहाळ्या आणि पानं गुंफून केलेला मोठा गोळा, दुरून घारीच्या घरट्यासारखा दिसणारा, पण वरून झाकलेला. जागा निवडताना शेकरू फार चोखंदळ असतं. घरटं उंचावर, बारीक फांद्यांवर, जिथे जड अंगाचं कुणी चढू शकत नाही. आणि झाड असं, की ज्याचा माथा शेजारच्या झाडांना भिडलेला आहे. बिबट्या खालून आला, मोरघार वरून आली, तर चारी दिशांना पळायला वाट हवी. एकच शेकरू आपल्या हद्दीत अनेक घरटी बांधतं. काही रात्रीच्या झोपेची, काही पिल्लांसाठी. पिल्लं एका वेळी एक ते तीन.

या भिडलेल्या माथ्यांवरच शेकरूचं सगळं आयुष्य चालतं. एका झाडावरून दुसऱ्यावर ते वीस फुटांपर्यंत उडी मारतं, पण त्याहून मोठी फट पडली की ते थांबतं. कोआला उतरून चालत जातो आणि रस्त्यावर मरतो. शेकरू सहसा उतरतच नाही, आणि म्हणून पलीकडचं जंगल त्याच्यासाठी नसल्यासारखं होतं. नकाशावर १३० चौरस किलोमीटर हिरवं दिसत असलं, तरी मधल्या रस्त्यांनी, तोडलेल्या पट्ट्यांनी, वीजवाहिन्यांखालच्या मोकळ्या रांगांनी त्याचे तुकडे पडले असतील, तर शेकरूच्या वाट्याला ज्या तुकड्यात ते जन्मलं तेवढंच येतं. त्या तुकड्यात जोडीदार मिळाला नाही, एखाद्या वर्षी फळं आली नाहीत, तर दुसरीकडे जायची सोय नाही. अभयारण्याच्या क्षेत्रफळाचा आकडा आपण कौतुकाने सांगतो. शेकरूच्या बाबतीत त्या आकड्याला फार अर्थ नाही. माथे किती सलग आहेत हेच विचारायला हवं.

भीमाशंकरच्या परिसरात हे माथे टिकले, त्यात देवरायांचा मोठा हात आहे. महादेव कोळी समाजाने देवाच्या नावाने राखलेल्या या राईंत कोयता-कुऱ्हाड चालत नसे. आहुपेची देवराई त्यांत प्रसिद्ध. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा भोवतालची टेकडी बोडकी झाली तरी राई शाबूत आहे असं चित्र त्यांना ठिकठिकाणी दिसलं. इथला आदिवासी बाळहिरडा गोळा करून चार पैसे मिळवतो. त्याला हिरड्याचं झाड उभं राहायला हवं असतं, आणि शेकरूलाही.

उलट दिशेने जाणाऱ्या गोष्टीही आहेतच. गाडगीळ यांच्याच अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात भीमाशंकरला लागून असलेल्या डोंगरांवरच्या पवनचक्की प्रकल्पाची नोंद घेतली आहे. पवनचक्की म्हणजे स्वच्छ वीज, हे खरं. पण तिचे अवाढव्य भाग वर न्यायला डोंगराच्या अंगावरून रुंद रस्ते फोडावे लागले, जंगल तुटलं आणि माती खालच्या धरणांकडे वाहिली. त्याच जंगलात शेकरू होतं. देवस्थानाची वर्दळ हा दुसरा प्रश्न. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला श्रावणात आणि महाशिवरात्रीला लाखोंनी लोक येतात. त्यांची श्रद्धा आणि शेकरूचं जंगल यांत भांडण असायचं कारण नाही, कारण हे जंगल देवाच्या नावावरच तर वाचलं. रस्ता रुंद करताना, वाहनतळ वाढवताना कडेची मोठी झाडं वाचवून माथे जुळते ठेवणं अभियंत्याला अशक्य नसतं. तमिळनाडूत वालपराईला चहामळ्यांच्या रस्त्यांवर सिंहपुच्छ वानरांसाठी झाडांच्या माथ्यांतून टांगते पूल बांधले आहेत. आग विझवायच्या जुन्या नळ्या वापरून केलेलं ते काम आहे, फार खर्चाचंही नाही. आपल्या राज्यप्राण्यासाठी घाटरस्त्यांवर अशी सोय करायला काय हरकत आहे, हे आपण वन विभागाला आणि बांधकाम विभागाला विचारलं पाहिजे.

आता जायचं कसं ते सांगतो. घोडेगावहून अहिल्यानगर, तिथून कल्याण रस्त्याने टाकळी ढोकेश्वर, बेल्हे करत आळेफाटा, मग नारायणगाव, मंचर, आणि मंचरला पश्चिमेकडे वळून डिंभे धरणाच्या काठाने भीमाशंकर. पाच तास तरी हाताशी ठेवा. मंचर सोडल्यावर वाटेत आणखी एक घोडेगाव लागतं, ते आंबेगाव तालुक्याचं ठिकाण. मोबाइलच्या नकाशावर नुसतं ‘घोडेगाव’ टाकलंत तर आपण नेमक्या कुठल्या गावाला चाललोय हे तपासून घ्या.

एका दिवसात जाऊन यायचा घाट घातला तर देव भेटेल, शेकरू भेटणं अवघड. ते उजाडल्यानंतरचे पहिले दोन-तीन तास आणि उन्हं कलल्यावर हिंडतं. भर दुपारी फांदीवर चारी पाय सोडून पालथं पडलेलं असतं आणि पानांत दिसत नाही. म्हणून आदल्या रात्री मुक्काम करा आणि सकाळी देवळाची गर्दी वाढायच्या आत गुप्त भीमाशंकरच्या पायवाटेला लागा. पावसाळ्यात इथे दिवसच्या दिवस धुकं असतं, दहा फुटांवरचं झाड दिसत नाही. शेकरूसाठी हिवाळा सरल्यापासून मेअखेरपर्यंतचे दिवस चांगले. अंजनी निळ्या-जांभळ्या फुलांनी भरते, पुढे आंबा, जांभूळ पिकू लागतं.

जंगलात शिरल्यावर चालणं थांबवा. मोठ्या उंबराखाली किंवा जांभळाखाली बसा. आधी पाचोळ्यात ताज्या साली दिसतात का पाहा. मग कान द्या. शेकरू बिथरलं की कर्कश, खडखडता आवाज काढतं आणि तो रानभर ऐकू जातो. वारा नसताना एकच फांदी हलली तर तिकडे बघा. गावातल्या माणसाला वाटाड्या म्हणून सोबत घ्या, कारण कुठलं झाड सध्या फळलंय हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, आणि तुमच्या सहलीचे दोन पैसे जंगल राखणाऱ्याच्या घरात जातील.

एवढं करून शेकरू दिसलं तर मुलांना त्याच्या उडीच्या वाटेकडे बघायला सांगा. कुठल्या फांदीवरून निघालं, कुठल्या झाडावर पोचलं, मधलं एखादं झाड नसतं तर ते पोचलं असतं का, हे त्यांनाच ठरवू द्या. नाही दिसलं, तर निदान त्याचं घरटं शोधा. उन्हाळ्यात पानगळीच्या झाडांवर घरटी सहज दिसतात. फळ, बिस्किट, शेंगदाणा, काहीही त्याला टाकू नका. माणसाच्या हातच्या खाण्याने प्राणी खाली उतरायला शिकतो, आणि खाली कुत्री आहेत, गाड्या आहेत. सोबत नेलेलं प्लास्टिक आणि उरलेलं अन्न परत घोडेगावला घेऊन या.